थीसिसची कोंबडी

कोंबडी मेली ती कामावर असताना मेली, हा तिचा मोठेपणा. विद्यापीठाच्या त्या विभागात तिच्याइतकी सलग हजेरी दुसऱ्या कुणाची नव्हती. प्रोफेसर परिषदांना जायचे, शिपाई संपावर जायचे, आणि विद्यार्थी सकाळी सालतेन्या, म्हणजे इथल्या मांसाच्या करंज्या, खाऊन येतो म्हणून जे निघायचे ते एकदम दुपारनंतर उगवायचे. कोंबडी मात्र रोज आपल्या खोक्यात हजर. पगार नाही, रजा नाही, तक्रार नाही. शेवटी एक दिवस मान टाकली आणि रेनान कामाचोच्या गळ्यात जन्माचा घोर घालून गेली.

तिचं काम होतं विंचुकांना रक्त पाजायचं.

विंचुका म्हणजे काय हे कोचाबांबा शहरात शेंबड्या पोराला पण माहीत असतं. मातीच्या भिंतीच्या फटीत राहणारा, बोटाच्या पेराएवढा काळपट किडा. अंधार पडला की छपरातून टपकन पडतो, झोपलेल्या माणसाचं रक्त पितो, आणि जाताना असला रोग ठेवून जातो की पुढे कित्येक वर्षांनी धडधाकट माणूस शेतात उभ्याउभ्या कोसळतो. डॉक्टर म्हणतात हृदय मोठं झालं होतं. मोठं हृदय असणं चांगलं असतं असं लोक समजतात, त्यांनी इथे येऊन बघावं.

तर असल्या किड्यापासून सगळं जग पळतं, सरकार पाठीवर पंप बांधून त्याच्या मागे फिरतं, आणि हा रेनान मात्र दोन बरण्यांत त्यांना पोटच्या पोरांसारखं वाढवत होता. किडे साधे नव्हते. लोमा सेका नावाच्या डोंगरातल्या एका वस्तीतून त्याने ते स्वतः भिंती उकरून आणले होते. तिथले लोक म्हणायचे, फवारणीवाले येतात, घर पांढरं करून जातात, आणि विंचुका आठवड्याभरात परत भिंतीवर फिरायला निघतात. हे खरं का, आणि खरं असलं तर का, ही रेनानची थीसिस. आता गंमत अशी की या किड्याचं पोट भरलं नाही तर तो कात टाकत नाही. कात टाकली नाही तर मोठा होत नाही. मोठा झाला नाही तर त्याच्यावर विष टाकून बघता येत नाही. आणि विष टाकून बघितलं नाही तर वर्षाच्या शेवटी परीक्षकांसमोर उभं राहून सांगायचं काय? मग शिष्यवृत्ती बंद, आणि रेनान परत बापाच्या टायरच्या दुकानात.

म्हणजे बघा, सगळं एका कोंबडीवर येऊन थांबलं होतं.

"हात्तिच्या, कोंबडी ना? बाजारातून आण की," असं कुणीही म्हणेल. म्हणूनच कुणालाही विद्यापीठात ठेवत नाहीत. तिथे खरेदी विभाग असतो. खरेदी विभागात झुल्मा मॅडम असतात. त्यांच्या टेबलावर एक निवडुंग आहे आणि दोघांचा स्वभाव सारखाच.

"तीन दुकानांचे दरपत्रक आणा," झुल्मा मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

"मॅडम, एकच कोंबडी हवीय."

"एकीचेच तीन दर आणा. आणि दुकानं नोंदणीवाली हवीत. आणि एक सांगा, ही कोंबडी कुठल्या खात्यात टाकू? प्रयोगशाळेच्या साहित्यात पिसंवालं काही बसत नाही. जेवणखाणात बसते, पण तुमच्या विभागाला जेवणखाण मंजूर नाही."

"मॅडम, मी ती खाणार नाहीये."

"सगळे असंच म्हणतात," मॅडम म्हणाल्या.

रेनान दर गोळा करत हिंडला. बाजारात घागरे सावरून बसलेल्या बायकांकडे कोंबड्याच कोंबड्या, पण पावती मागितली की त्या अशा बघायच्या जसं काही त्याने त्यांचं वय विचारलं. नोंदणीवाल्या मोठ्या कंपन्या पावती द्यायला तयार, पण एक कोंबडी म्हटल्यावर फोनवर हसायच्या. शेवटी कसेबसे तीन कागद जमले. अर्ज गेला. अर्ज परत आला, कारण सही निळ्या शाईत हवी होती. परत गेला. आणि मग एके दिवशी निरोप आला की कोंबडी आली, घेऊन जा.

रेनान धावत गेला. कोंबडी टेबलावर होती. पिशवीत. सोललेली, गोठवलेली, पोटात काळीज वेगळं बांधून ठेवलेलं.

"मॅडम, ही मेलीय."

"अर्जात जिवंत लिहिलेलं नाही. सगळ्यात कमी दर हिचाच होता."

"मला हिचं रक्त हवं होतं!"

"मग रक्ताचा अर्ज करायचा. इथे मिळाल्याची सही करा. निळ्या शाईत."

त्याने सही केली. करतो काय! आपल्या मार्गदर्शकांकडे, प्रोफेसर उर्किदींकडे, गेला तर ते सुटकेस भरत होते. "कामाचो," ते खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विज्ञान म्हणजे धीर." आणि धीर धरायला लिमाला निघून गेले.

गोठलेली कोंबडी बगलेत मारून रेनान घरी आला. घर म्हणजे दोन्या कासिल्दांच्या, मातीच्या नव्हे, चांगल्या सिमेंटच्या घरातली मागच्या अंगणाकडची खोली. दोन्या म्हणजे बाईसाहेब; या बाईसाहेब विधवा, अंगाने आडव्या, आवाजाने त्याहून आडव्या. भाडेकरू शिकलेला आहे याचा त्यांना फार अभिमान. अख्ख्या गल्लीत त्यांनी त्याला डॉक्टरबाळ करून टाकला होता. लोक त्याला रस्त्यात थांबवून जीभ दाखवायचे. मी तसला डॉक्टर नाही असं तो म्हणायचा. मग कसला, असं विचारलं की गप्प बसायचा. कारण दोन्या कासिल्दा मूळच्या डोंगरातल्या. त्यांचा भाऊ मॅसेदोनियो मक्याच्या शेतात असाच उभ्याउभ्या गेला होता, त्याचा फोटो जेवणाच्या टेबलाच्या वर भिंतीवर लटकत होता, आणि त्या फोटोखाली बसून सूप पिताना 'दोन्या, मी विंचुका पाळतो' हे वाक्य काही तोंडातून निघत नव्हतं. दोन वर्षं निघालं नव्हतं. तो 'किड्यांचं काहीतरी' एवढ्यावर भागवत आला होता.

दोन्यांनी पिशवी उघडून बघितली. "कशाला आणलीत ही हाडं?"

"विद्यापीठातून मिळाली."

"शिकलेल्यांना कोंबडी पण निवडता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि शेंगदाण्याच्या सुपात तिला मार्गी लावली.

दुसऱ्या दिवशी रेनानने डोकं बाजूला ठेवलं, बाजारात गेला आणि स्वतःच्या खिशातून एक जिवंत, तांबूस, ताठ मानेची कोंबडी घेतली. पावती गेली खड्ड्यात. पण विद्यापीठातल्या प्राणीघराच्या दारात तिथले जनावरांचे डॉक्टर पोन्से आडवे आले.

"बाजारातली आहे. रोगबिग असेल. आधी वेगळी ठेवा, नजरेखाली. तीन आठवडे."

"मग तुमच्या वेगळ्या खोलीत ठेवू का?"

"त्या खोलीत मोडक्या खुर्च्या आहेत."

"खुर्च्या हलवू की."

पोन्सेंनी त्याच्याकडे दयेने बघितलं. "त्यांच्यावर विद्यापीठाचे नंबर आहेत, पोरा. नंबरवाली खुर्ची हलवायला समिती बसवावी लागते."

आणि समिती बसायची कशावर, खुर्च्या तर आत. तर अशी ती कोंबडी ट्रुफीत बसून, म्हणजे ती मिनिबस, जिच्यात नऊ माणसं सांगतात आणि चौदा कोंबतात, तिच्यात बसून दोन्या कासिल्दांच्या अंगणात आली.

"ही कशाला?" दोन्या कमरेवर हात ठेवून उभ्या.

इथे रेनानची अक्कल चरायला गेली. खोटं बोलायचं नव्हतं, खरं सांगायचं नव्हतं. तो म्हणाला, "थीसिससाठी."

झालं!

आता ज्या गावात थीसिस वाचणं म्हणजे लग्नापेक्षा जरा मोठं कार्य असतं, त्या गावात हे वाक्य बोलायचं नाही. कोचाबांबात पोरगा परीक्षकांसमोरून बाहेर आला की दारात अख्खं खानदान उभं असतं. डोक्यावर रंगीत कागदाचे तुकडे ओततात, गळ्यात हार, बाहेर बँड, आणि त्या परीक्षकांना आयुष्यभर आठवेल असं तिखट कोंबडीचं जेवण. त्याशिवाय पोरगा डॉक्टर झाला हे कुणी मानत नाही. विद्यापीठाने मानलं तरी मानत नाहीत. त्यामुळे 'थीसिससाठी कोंबडी' याचा या गावात एकच अर्थ होतो आणि तो पातेल्यात होतो.

दोन्या कासिल्दांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "डॉक्टरबाळ! म्हणजे आली वेळ? आणि मला आत्ता सांगताय? तरीच काल ती मरतुकडी आणून चव बघितलीत!"

"नाही दोन्या, तसं नाही, अजून नुसतं दरवर्षीचं सांगणं आहे, थीसिस नाही..."

"लाजू नका. पण एका कोंबडीत काय होणार? परीक्षक किती? त्यांच्या बायका? मी बोलते सगळ्यांशी."

आणि बोलल्या. त्या बोलल्या की बातमी भिंतीतून जाते. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या दोन्या नेली मक्याचं पोतं घेऊन आल्या. शेजारचे डॉन सेवेरो आले. हे एकेकाळी पोलीस बँडमध्ये तुतारी वाजवायचे आणि त्या गोष्टीतून अजून बाहेर आले नव्हते.

"बँडची काळजी सोडा," डॉन सेवेरो म्हणाले. "माझे तीन दोस्त जिवंत आहेत. एकाला दात नाहीत, पण तो ढोल वाजवतो."

"डॉन सेवेरो, बँड लागणार नाही."

"असं कसं? माझ्या भाच्याने दात उपटायची परीक्षा दिली तरी मी वाजवलं होतं. नापास झाला तो. तरी वाजवलं."

मग कोंबडीवर चर्चा. ती अशी झाली की परीक्षकांनी कुणाच्या थीसिसवर केली नसेल. दोन्या नेली म्हणाल्या हिला लसूण चारा, मांस मऊ होतं. डॉन सेवेरो म्हणाले चिचा पाजा, आपली मक्याची दारू, म्हणजे आतूनच मुरते. दोन्या कासिल्दांनी तिचं नाव लिसेन्सियादा ठेवलं, म्हणजे पदवीधर बाई, आणि रोज सकाळी तिला मांडीवर घेऊन छाती चाचपून जाहीर करायच्या, "भरतेय!" रेनानने काय करावं? तो खिडकीतून बघायचा आणि मनात म्हणायचा, भरू दे, रक्त वाढेल. बघा, शिकलेला माणूस स्वतःला कसं समजावतो.

तिकडे विद्यापीठात बरण्यांतल्या विंचुका वाळत चालल्या होत्या. भुकेली विंचुका चपटी होते, अगदी पुठ्ठ्यासारखी. रेनान सकाळी बरणीला डोळा लावून बघायचा आणि त्या जाळीकडे सोंडा वर करून त्याच्याकडे बघायच्या. कोंबडीला किड्यांकडे नेता येत नव्हतं. मग रेनानने ठरवलं की किडे कोंबडीकडे न्यायचे. या निर्णयाची विद्यापीठात कुठे नोंद नाही.

रविवार बघून त्याने दोन्ही बरण्या डब्याच्या पिशवीत घातल्या आणि ट्रुफीत बसला. शेजारची बाई म्हणाली, "जेवण का, बाळा?"

"जेवायला चाललेत," रेनान म्हणाला. बाई पुढच्या स्टॉपवर उतरली.

दोन्या कासिल्दा चर्चला गेल्या होत्या. अंगण रिकामं. त्याने लिसेन्सियादाच्या डोक्यावर मोजा घातला, म्हणजे ती झोप आल्यासारखी गप्प बसते, पंखाखालची पिसं बाजूला केली आणि बरणीचं जाळीचं तोंड कातडीला टेकवलं. किडे धावले. आणि प्यायले! पुठ्ठ्याचे फुगे झाले. रेनानच्या छातीवरचं ओझं उतरलं, एवढ्यात चर्चची घंटा वाजली, लिसेन्सियादा मोज्यासकट उडाली, बरणी आडवी, जाळी सैल. त्याने झडप घालून जाळी दाबली. किडे मोजले. परत मोजले.

एक कमी.

तो अंगणभर रांगत होता तेव्हा दोन्या कासिल्दा परत आल्या, मागे दोन्या नेली, मागे डॉन सेवेरो. बरण्या तेवढ्यात पिशवीत गेल्या होत्या.

"काय हरवलं, डॉक्टरबाळ?"

"बटण," रेनान म्हणाला.

मग तिघंही रांगायला लागली. कुंड्या हलवल्या, फरशी झाडली, डॉन सेवेरोंनी तर अंगणातली कॉट उचलून आपटली. आणि बटण सापडलं! कुणाचं होतं देव जाणे, निळं, चार भोकांचं, पण डॉन सेवेरोंनी ते पदक द्यावं तसं रेनानच्या हातावर ठेवलं. "हे घ्या. आता निवांत झोपा." तोंडावर हसू आणून त्याने ते खिशात टाकलं. झोप कसली येतेय.

सोमवारी सकाळी दोन्या कासिल्दा स्वयंपाकघरात किंचाळल्या. ती किंकाळी साधी नव्हती. उंदीर बघून बाई किंचाळते ती वेगळी, आणि ही वेगळी. रेनान पोचला तेव्हा त्यांच्या हातात चप्पल होती आणि मॅसेदोनियोच्या फोटोशेजारी भिंतीवर लाल डाग. किडा भरल्या पोटी मेला होता.

"ओळखते मी याला," दोन्या हळू आवाजात म्हणाल्या. त्या हळू बोलू शकतात हे रेनानला तेव्हा कळलं. "माझ्या माहेरी छपरातून पडायचे. इथे सिमेंटच्या घरात कुठून आला?"

 तेवढ्यात दोन्या नेलींनी आरोग्य खात्याला फोन लावला पण होता.

आता एका कोंबडीसाठी ज्या सरकारला महिने लागले, तेच सरकार एका किड्यासाठी दोन्यांचा कॉफीचा कप गार व्हायच्या आत दारात उभं राहिलं. शहराच्या मधोमध विंचुका! पिवळ्या जीपमधून तीन माणसं उतरली. दोघांच्या पाठीवर पंप, तोंडाला फडकी. पुढे इन्स्पेक्टर रोके सोलिस, टोपी कडक इस्त्रीची, मिशी तिच्याहून कडक.

"घर रिकामं करा," ते म्हणाले. "आजूबाजूची दोन्ही घरं पण. सामान रस्त्यावर."

गल्ली रस्त्यावर आली. दोन्या नेलींची तेलाची डबडी, डॉन सेवेरोंचा पलंग, त्याच्या खाली लपवलेल्या चिचाच्या बाटल्या, तुतारी, सगळं उन्हात. माणसाची इज्जत पलंगाखाली असते, आणि ती बाहेर काढायला सरकारी माणूसच लागतो. "हळू रे, ते माझं औषध आहे," डॉन सेवेरो बाटल्यांवर चादर टाकत म्हणाले.

"मागची खोली राहिली," पंपवाला ओरडला.

रेनान खोलीच्या दारात उभा होता. आत कॉटखाली बरण्या. दोन वर्षं. लोमा सेकाच्या भिंती, ती नखं तुटेपर्यंत उकरलेली माती. हा पंप आत गेला की सगळ्याचा पांढरा चिखल.

"इथे फवारू नका."

"का?"

सगळी गल्ली बघत होती. दोन्या कासिल्दा लिसेन्सियादाला काखेत घेऊन उभ्या. रेनानने चष्मा काढला, पुसला, घातला. "तो किडा माझा होता."

"तुमचा म्हणजे?"

"मी पाळलेला. आणखी आहेत. पण स्वच्छ आहेत! प्रयोगशाळेत जन्मलेले, रोग नाही त्यांच्यात." आणि त्याने आत जाऊन बरण्या बाहेर आणल्या.

गल्ली एक पाऊल मागे गेली. दोन्या कासिल्दा तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्या बरणीकडे बघत राहिल्या, मग कोंबडीकडे, मग रेनानकडे.

"म्हणजे ही थीसिसची कोंबडी..."

"यांच्यासाठी होती, दोन्या."

"परीक्षकांसाठी नाही?"

"नाही."

"मी सतरा माणसांना जेवायला बोलावलंय!" दोन्या ओरडल्या. मग एकदम आवाज खाली. "माझ्या टेबलावर जेवलात. त्याच्या फोटोखाली. दोन वर्षं. आणि खोलीत हे?"

"खोलीत कालपासूनच," रेनान पुटपुटला. त्याला वाटलं हे बोलून बाजू सावरेल. सावरली नाही.

"आणि हे पाळून करता काय?" इन्स्पेक्टर सोलिसनी विचारलं.

रेनानचा अपमान झाला होता, मान खाली गेली होती, आणि अशा वेळी माणूस जे बोलू नये तेच नेमकं बोलतो. "तुमच्या विषाने हे मरत नाहीत. का मरत नाहीत ते बघतोय."

इन्स्पेक्टरांची मिशी थरथरली. "चौदा वर्षं मी फवारतोय. मरत नाहीत?"

"लोमा सेकातले नाही मरत. म्हणजे लोक तसं सांगतात. मला अजून नीट..."

"आण रे तो पंप."

"थांबा, थांबा! असं नाही चालत, किती विष पडलं ते मोजायला हवं. आणि तुलनेला साधे किडे पण हवेत!"

"तो सकाळी चपलेने मेला, तो तुलनेला चालेल का?" डॉन सेवेरोंनी मनापासून विचारलं.

इन्स्पेक्टरांनी एक बरणी त्याच्या हातातून घेतलीच. दुसरी त्याने छातीशी धरली, आणि इन्स्पेक्टरांनी तिच्याकडे बघितलं पण नाही, त्यांना एकच पुरेशी होती. बरणी रस्त्यावर डॉन सेवेरोंच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवली. जाळीतून फवारा मारला. एकदा, आणि मग रागाने आणखी एकदा. आतून काच पांढरी झाली.

मग सगळे वाट बघत उभे राहिले. दोन्या नेली रस्त्यावरच्या आपल्याच खुर्चीत बसल्या. डॉन सेवेरोंनी चादर बाजूला करून 'औषध' काढलं आणि पहिला पेला रीतीप्रमाणे जमिनीला थोडा शिंपून इन्स्पेक्टरांना दिला. नाही म्हणता येत नाही अशा वेळी, त्यांनी घेतला.

बरणीत किडे तडफडले. एकेक करून पालथे झाले, पाय वर, गप्प. पंपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्या कासिल्दांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "देवा, गेले," त्या म्हणाल्या. इन्स्पेक्टरांनी मिशीवरून हात फिरवला आणि रेनानकडे बघितलंसुद्धा नाही, एवढे ते मोठ्या मनाचे.

रेनानने छातीशी धरलेली बरणी खाली ठेवली. म्हणजे लोक नुसतंच बोलत होते. दोन वर्षं एका वस्तीच्या गप्पांमागे घालवली. टायरचं दुकान त्याला इथूनच दिसायला लागलं, रबराच्या वासासकट.

"एक पाय हलला," दोन्या नेली म्हणाल्या.

"वारा असेल," इन्स्पेक्टर.

"बरणीत वारा?"

सगळे वाकले. हलला होता. मग दुसरा पाय. मग एक विंचुका कूस बदलावी तशी वळली, उठून बसली, सोंड पुसली आणि काचेवरून वर चढायला लागली. तिच्यामागे आणखी एक. मग आणखी. दुपारची झोप झाल्यासारखे ते उठत होते, पांढरे झालेले, पण उठत होते. इन्स्पेक्टर सोलिसांच्या हातातला पेला तोंडाशी तसाच राहिला.

रेनान ओरडणार होता. खरंच, दोन्ही हात वर गेले होते. हेच तर हवं होतं! गल्लीभर साक्षीदार, सरकारी पंप, सरकारी विष! आणि मग त्याची नजर दोन्या कासिल्दांकडे गेली.

त्या बरणीला नाक लावून बघत होत्या. कोंबडी काखेतून सुटून कधीच पलंगावर जाऊन बसली होती, त्यांना पत्ता नव्हता. त्यांच्या माहेरची सगळी छपरं त्यांच्या तोंडावर दिसत होती. रेनानने हात खाली घेतले. कुठे ठेवावेत कळेना, म्हणून खिशात घातले.

"माझ्या भावाचं घर दरवर्षी फवारायचे," दोन्या म्हणाल्या. "आम्ही सामान बाहेर काढायचो, असंच. ते गेले की भिंतीला हात लावून म्हणायचो, सुटलो." त्या इन्स्पेक्टरांकडे वळल्या. सोलिसनी टोपी काढली होती आणि ती हातात फिरवत होते. मग त्या रेनानकडे वळल्या. "हे मरत नाहीत."

"नाही, दोन्या."

"मग यांना मारतात कशाने?"

"ते अजून माहीत नाही."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही. मी तेच..."

दोन्या कासिल्दांनी स्टुलावरची बरणी उचलली, शालीच्या टोकाने तिच्यावरचं पांढरं पुसलं आणि त्याच्या छातीवर दाणकन टेकवली. त्यांचा आवाज परत आला होता, सगळ्या गल्लीला पुरेल असा.

"मग इथे बघत काय उभे राहिलात? चला, निघा! कामाला लागा!"